शीतलेच्या मंडपाबाहेर

भय्याजीने मारलेली गाठ आपणहून सुटलेली भिलाईत कोणी पाहिली नाही. हे मी कौतुकाने सांगते आणि रागानेही. कारखाना उभा राहत होता तेव्हा तो खलाशी होता. खलाशी म्हटलं की आमच्या गावाकडच्या लोकांना समुद्र आठवतो, पण भिलाईत खलाशी म्हणजे दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या लावून लोखंडाची धुडं वर चढवणारा माणूस. ब्लास्ट फर्नेसच्या उंचीवर गर्डर लटकत असायचा आणि खाली रशियन इंजिनिअर माना वर करून बघत असायचे. दोर कोणी बांधला, एवढंच ते विचारायचे. भय्याजीने, असं कळलं की निवांत सिगारेट पेटवायचे.

माणूस म्हणूनही तो तसाच होता. एकदा बांधलं की बांधलं.

माझा नवरा कवडू आणि तो एकाच गँगमध्ये होते. आम्ही लाखनीकडचे, ते साकोलीच्या बाजूचे, म्हणजे सगळे भंडाऱ्याचेच. सत्तावन साली पाया खोदायला म्हणून आलो तेव्हा भिलाई म्हणजे लाल मुरमाचा उघडा माळ आणि त्यावर ओळीने उभ्या केलेल्या झोपड्या, एवढंच होतं. त्यांच्या आणि आमच्या झोपडीत एका तट्ट्याचं अंतर. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळायचं, मग भांडण तर लांबच. पण त्या घरात भांडण होत नसे. भय्याजी बोलायचा आणि त्याची बायको सत्यशीला आणि म्हातारी आई भागीरथाबाई, दोघी ऐकून घ्यायच्या.

गावी असताना त्यांना एक मुलगा झाला होता. बोलायला लागला होता, बापाच्या मागे मागे शेतावर जायचा, आणि त्याला देवी आल्या. तेव्हाची रीत अशी, की अंगावर फोड उठले की माता घरी आली म्हणायचं. औषध द्यायचं नाही, तिला राग येतो. दाराला कडुलिंबाचा पाला टांगायचा, चुलीवर फोडणी द्यायची नाही आणि मातामायच्या देवळापुढे हात जोडून बसायचं. देवळापुढे म्हणजे लांब, वाटेच्या पलीकडे, कारण आमच्या माणसांची सावली पायरीवर पडलेली चालत नसे. भय्याजी तिथे उन्हात बसून राहिला. साकोलीला डॉक्टर होता. पोराला तिकडे कोणी नेलं नाही आणि पोरगा गेला.

पुढे छप्पन साली नागपूरला त्या अफाट गर्दीत उभं राहून त्याने दीक्षा घेतली. बाकीच्यांनी प्रतिज्ञा तोंडाने म्हटल्या, भय्याजीने दात आवळून म्हटल्या. देवाला मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही. आमच्यासाठी तो नवा धर्म होता. त्याच्यासाठी तो मेलेल्या पोराचा न्यायही होता.

मजुरांच्या त्या कॅम्पात दर रविवारी वंदना व्हायची आणि वंदनेनंतर भय्याजीचं भाषण. भाषण कसलं, झाडाझडतीच. कोणाच्या पिठाच्या डब्यात खंडोबाचा टाक पुरून ठेवला आहे, कोणाची सासू चोरून उपास धरते, हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. म्हाताऱ्या त्याला पोलीस म्हणायच्या. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, की भाऊ, तुम्ही देव सोडले खरे, पण त्यांची आठवण आमच्यापेक्षा जास्त तुम्हीच काढता. तो हसला नाही. विश्वकर्म्याच्या पूजेला सगळी गँग क्रेनला हार घालायची, पेढे वाटायची, आणि हा लांब उभा राहून कप्पीला तेल घालत असायचा. फोरमनने आग्रह केला तरी प्रसाद हातात घ्यायचा नाही.

तरी मला तो आवडायचा, उगीच खोटं कशाला बोलू. गावात आमच्या पुरुषांच्या माना खाली असायच्या. याची ताठ होती, आणि त्याच्याकडे बघून बघून आमच्या पोरांच्याही ताठ व्हायला लागल्या होत्या.

साठ सालच्या सुरुवातीला सत्यशीलेला मुलगा झाला. पहिल्यानंतर किती वर्षांनी, तेही ना नवस करून ना ताईत बांधून. नाव ठेवलं सुगत. कॅम्पात लस टोचणारे आले तेव्हा बाया पोरं घेऊन लपायला धावल्या, आणि भय्याजी सुगतला घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. ड्यूटीवरून आला की पोराला खांद्यावर बसवून कॅम्पाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. बघा, देवीशिवाय झाला आणि देवीशिवाय वाढून राहिला, असं तो कधी बोलला नाही. त्याच्या चालण्यातच ते दिसायचं.

त्या वर्षी दसरा लवकर आला, पावसाळा पुरता सरायच्या आत. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आम्ही उन्हाळ्यापासून ठरवलं होतं. ठेकेदाराने एक ट्रक दिला. ड्रायव्हर बाबुलाल, दुर्गचा, रस्ता पाठ असलेला माणूस. नवमीच्या सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला नागपूर गाठायचं. दुसऱ्या दिवशी सुगतला तिथे भिक्खूंच्या पुढे ठेवून त्रिशरण म्हणायचं, हे भय्याजीच्या मनात घट्ट बसलं होतं. सुगतला मात्र दोन-तीन दिवसांपासून सर्दी होती आणि छातीत घरघर वाजत होती. भागीरथाबाई म्हणाल्या, यंदा राहू द्या, पुढच्या साली चालत जाईल तो. सत्यशीलेने पोराच्या छातीला तेल चोळलं. भय्याजीने पोरासाठी पांढरं नवं झबलं शिवून आणलं होतं आणि ते त्याच्या अंगात चढवूनही झालं होतं. आता ते काढायला कोणाचं मन होणार?

निघालो तेव्हा सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, ट्रकवर निळा झेंडा, आणि दुर्ग येईस्तोवर बायांनी गाणी म्हणून म्हणून घसे बसवले. शिवनाथेच्या पुलावरून जाताना वारा पहिल्यांदा जाणवला. पूर्वेकडून येत होता आणि त्याला वेगळाच गारवा होता. आभाळ मळक्या तांब्याच्या रंगाचं झालं होतं. राजनांदगावला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्याकडे रेडिओवरची बातमी तयार होती. समुद्रातलं वादळ ओरिसाच्या बाजूने वर चढलं होतं आणि इकडेच सरकत होतं.

बाबुलालने ट्रकच्या चाकाला लाथ मारून बघितली आणि म्हणाला, आज इथेच स्टेशनच्या मुसाफिरखान्यात पडून राहू, सकाळी बघू. पुढे जंगल आहे, नाले आहेत. त्याचं बोलणं शहाणपणाचं होतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण नागपूर एकट्या भय्याजीलाच पाहिजे होतं असं म्हटलं तर ते पाप होईल. माझा कवडूही चला म्हणाला. आमच्यातला वयाने मोठा जानराव, तो तर म्हणाला, वादळाची वाट बघत बसलो तर दसरा आपली वाट बघणार आहे का? भय्याजीने नुसता हात वर केला आणि सगळे ट्रकमध्ये चढले.

दुपार ढळता ढळता नाल्याशी आलो. रस्त्यावर पूल नव्हता, रपटा होता, म्हणजे पाण्याच्या पातळीतूनच जाणारी सिमेंटची पट्टी. ती पट्टी दिसतच नव्हती. वरच्या अंगाला पाऊस आधीच कोसळला असणार. गढूळ पाणी झाडाच्या फांद्या घेऊन धावत होतं. बाबुलालने इंजिन बंद करून सांगितलं की यात मी ट्रक घालणार नाही, कोणी माझा जीव घेतला तरी. मग मागे वळवायला गेला आणि मागचं चाक रस्ता सोडून काळ्या मातीत रुतलं. ट्रक एका अंगावर कलला, बायका किंचाळल्या, आणि बाबुलालने सगळ्यांना खाली उतरवलं. आता कोणी चढायचं नाही, केबिनमध्येसुद्धा नाही, पूर्ण उलटेल, असं त्याने बजावलं. तेवढ्यात पाऊस आलाच. आडवा, सुईसारखा टोचणारा, आणि त्याच्यामागून वारा.

रस्त्याच्या उजव्या हाताला, थोड्या उंचवट्यावर, तळ्याच्या काठी एक देऊळ होतं. देऊळ एवढंसं, पण त्याच्यापुढे पक्क्या भिंतींचा, कवेलू म्हणजे कौलं घातलेला लांबलचक मंडप. आत माणसं दिसत होती. नवमी म्हणजे जवारा शिरवायचा दिवस. टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब डोक्यावर घेऊन तळ्यात सोडायला निघालेलं गाव पावसाने मंडपातच अडकवलं होतं. आम्हाला बघून एक म्हातारा डोक्यावर बांबूची खुमरी घालून धावत आला.

"भीतरी आ जावव," तो म्हणाला, "लइका मन भींज जाही."

पोरं भिजतील, आत या. याहून माणसाने माणसाला काय म्हणायचं असतं? पण भय्याजीने त्याला विचारलं, देऊळ कोणाचं. म्हातारा भाबडेपणाने म्हणाला, शीतला दाईचं.

शीतला म्हणजे आमच्याकडची मातामाय. देवीच्या फोडांची देवी. भय्याजीचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. त्याने म्हाताऱ्याला हात जोडले, नीट जोडले, आणि आमच्याकडे वळून म्हणाला की आपण जाणार नाही. त्याने ट्रकवरची ताडपत्री ओढून काढली, रस्त्याकडेच्या दोन मोहाच्या झाडांना आणि ट्रकच्या कठड्याला दोर ताणले आणि बघता बघता छत उभं केलं. वारा असा की माणूस उभा राहीना, आणि त्यात त्याची बोटं दोरावरून चालत होती. चार पुरुष नुसते कोपरे धरून उभे होते. खोटं नाही, क्षणभर मलाही वाटलं की झालं, निभावलं.

पण खालून पाणी वाहत होतं. वरून कोरडं आणि खालून घोट्याएवढं गार पाणी, त्याला छप्पर कोण म्हणेल? मी माझी दोन्ही पोरं काखोटीला मारली आणि देवळाकडे चालू लागले. कवडू माझ्याकडे बघत राहिला, मग तोही आला. माझ्या मनात देवी नव्हती, पोरांचे निळे पडलेले ओठ होते. प्रतिज्ञा मीही घेतली होती. बाबासाहेबांनी पूजा करू नका म्हणून सांगितलं होतं, भिजून मरा म्हणून नव्हतं सांगितलं. मंडपात गेल्यावर कोण कुठले एवढंच त्या बायांनी विचारलं. भिलाईचे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला नाही. आमची जात न विचारता कोणी देवळाच्या छपराखाली जागा दिली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, आणि ज्याने या दिवसासाठी मान ताठ ठेवली तो माणूस बाहेर उभा होता. त्यांनी शेणीच्या निखाऱ्यांची गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पोरांपुढे सरकवली. मी पोरं तिथे टेकवली आणि डोक्यावर पोतं घेऊन परत ताडपत्रीखाली गेले.

सत्यशीला सुगतला पदराखाली घेऊन दगडावर बसली होती. पोरगं रडत होतं, खोकत होतं. भागीरथाबाई तिला आडोसा करून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे देवळाकडे लागले होते. मी सत्यशीलेला म्हटलं, ऊठ, चल. तिने नवऱ्याकडे बघितलं. तिचंही एक होतं. पहिलं पोर आजारी असताना तिने एका रात्री चोरून मातामायपुढे कोंबडं कापलं होतं, आणि पोर गेल्यावर तिनेच भय्याजीच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं की पुन्हा मातामायच्या दारात पाय ठेवणार नाही. म्हणजे शब्द नवऱ्याने लादलेला नव्हता. तिचा स्वतःचा होता.

मी मग भय्याजीला धरलं. पोराला नेते, तुम्ही राहा इथे, म्हटलं. त्याने दोर तसाच धरून ठेवला आणि मला म्हणाला, "वयनी, आज पोरगं तिच्या छपराखाली वाचलं, त उद्या सारा कॅम्प म्हनंल का शीतलेनं वाचवलं. माह्या पयल्याले खाल्लं तिनं. आता दुसऱ्यासाठी तिचेच उपकार घेऊ?"

"पाया नका पडू, भाऊ. नुसते बसा."

"तिच्या दारात जीव मागत बसनं म्हंजे काय असते मंग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, आणि चांगलं तिखट होतं. पण वाऱ्याने ते ऐकू गेलं नसतं आणि त्याने ऐकूनही घेतलं नसतं. जानराव आणि आणखी काही जण त्याच्यासाठी म्हणून थांबले होते. ते खाली बघत होते. त्यांना जायचं होतं, पण पुढाऱ्याला पावसात सोडून देवळात कसं जायचं? माणूस ताठ असला की त्याच्याबरोबर बाकीच्यांचेही कणे अडकतात.

मी परत मंडपात पोचले नसेन, तोच मागे फाडकन आवाज झाला. ताडपत्री मधोमध फाटली होती. गाठी जागच्या जागी होत्या, झाडांना ताडपत्रीचे कोपरे तसेच बांधलेले राहिले आणि मधलं कापड नाल्याकडे उडत गेलं. तेव्हा मात्र जानराव पळाला, त्याच्यामागून बाकीचे. खाली राहिले ते चौघंच. भय्याजीने एक फाटका तुकडा पकडून बायको आणि पोराच्या डोक्यावर दोन्ही हातांनी धरला. वारा तो ओढायचा, हा परत ओढून आणायचा. मंडपाच्या दारातून आम्ही सगळे हाका मारत होतो. खुमरीवाला म्हातारा दोनदा खाली जाऊन आला आणि दोन्ही वेळा मान हलवत परतला. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. निखारे दोनदा बदलले होते.

मग सुगतचं रडणं थांबलं.

मी वरून पाहत होते. सत्यशीलेने पदर बाजूला करून पोराकडे बघितलं, त्याच्या गालाला गाल लावला आणि ती उठली. भय्याजी तिच्या वाटेत होता. ती काय म्हणाली ते भागीरथाबाईंनी नंतर मला सांगितलं.

"मले देवी नाई पायजे. मले छप्पर पायजे."

एवढं म्हणून ती त्याला ओलांडून चालत आली. त्याने अडवलं नाही. हातात तो तुकडा तसाच धरून, जिथे आता कोणी बसलेलं नव्हतं तिथे तो उभा राहिला. भागीरथाबाई चिखलात दोनदा पडून वर आल्या.

बायांनी सुगतचं ओलं झबलं उतरवलं, अंगाला राख चोळली, कोणी आपलं लुगडं फाडून त्याला गुंडाळलं. गोरसीपाशी धरून तळवे शेकले. त्याने डोळे उघडले, तेव्हा मंडपातली सगळी माणसं एकदम हलली, इतका वेळ कोणी श्वासही घेतला नव्हता जणू. पण तो अंगावर पिईना. तोंडाशी धरलं की मान वळवायचा. छातीतली घरघर आता सगळ्यांना ऐकू येत होती. अंधार पडताना कवडू घोंगडं घेऊन खाली गेला आणि भय्याजीला कसाबसा खालच्या पायरीपर्यंत घेऊन आला. तिथून तो वर चढला नाही. पोरगं कसं आहे, हे तो दारात येईल त्याला विचारत होता.

उजाडलं तेव्हा पाऊस ओसरला होता. गावकऱ्यांनी बैलजोड्या लावून ट्रक बाहेर काढला आणि बाबुलालने तो राजनांदगावच्या दवाखान्याकडे पळवला. सत्यशीला केबिनमध्ये बसली नाही, मागे आमच्यात बसली. भय्याजी तिच्यासमोर. राजनांदगाव दिसायला लागलं होतं तेव्हा सत्यशीलेने लुगड्याचं टोक पोराच्या तोंडावर ओढून घेतलं.  भय्याजीला कळलं. त्याने पुढे होऊन केबिनवर थाप मारली, ट्रक थांबवण्यासाठी, आणि ट्रक थांबल्यावर त्याला काय सांगायचं ते सुचेना. तो दिवस दसऱ्याचा होता. नागपूरला जायचे पांढरे कपडे मयतीला कामी आले.

मग कॅम्पाला जीभ फुटली. शीतलेनं हिशोब चुकता केला, मातेच्या दारात जाऊन तिलाच लाथाडलं तर दुसरं काय होणार. हे बोलणारे कोण, तर कालपर्यंत भय्याजीच्या भाषणाला टाळ्या वाजवणारे. पिठाच्या डब्यांतले टाक बाहेर येऊन पाटावर बसले. पोरांच्या गळ्यात काळे दोरे दिसायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाणवठ्यावर मी दोघी-तिघींचे केस उपटायचे तेवढे बाकी ठेवले. थंडीने मेलेल्या लेकराचं श्रेय दगडाला द्यायला यांना लाज कशी वाटत नव्हती? पण ओरडून मी तरी काय सांगणार होते? देवीने नेलं नाही म्हटलं, की मग कोणी नेलं हे सांगावं लागतं.

तेच भय्याजीच्या गळ्याशी आलं होतं. देव मानणाऱ्या माणसाला एक सोय असते, दुःख वाटून घ्यायला वर कोणीतरी असतं. याने ती सोय स्वतःच्या हाताने मोडली होती. देवीचा कोप म्हणाला असता तर सगळ्यांनी त्याला जवळ घेतलं असतं, नारळ फोडला असता, आणि माणूस मोकळा झाला असता. तो म्हणाला नाही. रविवारच्या वंदनेला यायचा, मागे बसायचा आणि भाषणाची वेळ आली की उठून जायचा. कामावर जायचा. गर्डर चढवायचा. कवडू सांगायचा की बांधलेली गाठ तो आता पुन्हा पुन्हा सोडून बघतो आणि गँगचा खोळंबा होतो. पुढे त्याला उंचीवरून काढून स्टोअरच्या दारावर बसवलं.

सत्यशीलेला पुन्हा मूल झालं नाही. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले तेव्हाही नशिबाने आम्ही शेजारीच आलो. आता मधे विटांची भिंत होती, पण तट्टा असता तरी काही ऐकू आलं नसतं. त्या दिवसाबद्दल ती नवऱ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. बरं वाईटही काही नाही. भाजी काय आणू, एवढं तो विचारायचा आणि तिने सांगितलेली आणायचा.

सहासष्टच्या हिवाळ्यात भागीरथाबाईंनी अंथरूण धरलं. दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा भय्याजी आईच्या उशाशी बसला होता आणि सत्यशीला पायाशी. म्हातारीचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं स्वच्छ होतं. तिने मुलाचा हात धरला. म्हणाली, "बाप्पा, देवीनं नेला म्हन. एकडाव म्हन. तुयावर हे वझं ठेवून मले जावत नाई."

भय्याजीने तिच्या अंगावरची गोधडी वर ओढली. मी पेज ठेवून निघणार होते, पण दाराशीच थांबले. तेव्हा सत्यशीला बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"म्हना ना, अजी," ती म्हणाली. "मायसाठी नाई. माह्यासाठी म्हना. मले तुमच्या तोंडाकडं पाहाता यावं म्हनून म्हना."

मला वाटलं तो म्हणेल. त्याचे ओठ हलले. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, म्हण रे बाबा, कोणाचं काय बिघडतं, दोन बायांचे जीव मोकळे होतात. देवाची आणि प्रतिज्ञेची काळजी करायची ती वेळ नव्हती. त्याने आईचा हात दोन्ही हातांत घेतला, पण बघत होता तो सत्यशीलेकडे.

"नाई, सत्यशीला," तो म्हणाला. "तिथं कोनी नव्हतं. मीच होतो."

भागीरथाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. सत्यशीला त्याच घरात राहिली. त्याचा डबा भरायची, कपडे धुवायची, जेवायला वाढायची. वाढताना ती ताटाकडे बघायची.